एकच दिवा लावणारा चित्रकार

भारतातून पाहुणे आले की त्यांना लंडन दाखवण्याचा आमचा एक ठरलेला कार्यक्रम आहे, तुमचाही असणारच. पहिल्या दिवशी राजवाडा, दुसऱ्या दिवशी टॉवर आणि कोहिनूर ("आपलाच आहे" हे वाक्य रांगेत प्रत्येकाने एकदा म्हणायचंच असतं), तिसऱ्या दिवशी बोट. चौथ्या दिवशी हटकून पाऊस येतो. मग ट्रफाल्गर स्क्वेअरच्या सिंहांपाशी घाईघाईने फोटो काढायचा आणि समोरच्या नॅशनल गॅलरीत शिरायचं, कारण तिथे तिकीट नाही, डोक्यावर छप्पर आहे आणि टॉयलेट स्वच्छ आहे. खरं सांगायचं तर गेली अठरा वर्षं आमचा आणि चित्रकलेचा संबंध एवढाच होता.

तर मंडळी, आमच्यासारख्यांनी मंडळाच्या अंकात चित्रकारावर लेख लिहावा हे जरा धाडसच आहे. ('आम्ही' म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. टाइप करणारा हात इंजिनियरचा आहे, चुका काढणारा दुसऱ्याचा.) पण गेल्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने आमच्याकडे राहून गेले, आणि त्यांच्यामुळे साडेतीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका डच माणसाशी आमची अशी काही ओळख झाली की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

बाबा सातारला असतात. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. वय सत्याहत्तर. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटे आले होते. आल्या दिवसापासून त्यांनी घरात एक काम अंगावर घेतलं, ते म्हणजे दिवे बंद करणं. आम्ही हॉलमधून किचनमध्ये गेलो की मागे खट्‌ आवाज व्हायचा. बाथरूममधून बाहेर पडायच्या आत अंधार. मुलगा एकदा जिन्यात अडकला. "आजोबा, आय ॲम स्टिल हिअर!" असं ओरडल्यावर दिवा लागला, आणि तो खाली पोचताच पुन्हा बंद झाला.

त्यात त्यांची चूक नव्हती. सातारच्या घरी संध्याकाळी एका वेळी एकाच खोलीत दिवा असायचा, आणि जिथे दिवा तिथे सगळं घर. आई भाजी निवडते आहे, बाबा ऑफिसच्या फायली बघताहेत, शेजारी आमची गणितं. बाकीचं घर अंधारात. पाणी प्यायला उठायचं तर त्या अंधारातून जाऊन यायचं. आता लंडनच्या घरात सगळ्या खोल्यांत दिवे असतात, आणि प्रत्येक खोलीत एकेक माणूस असतो.

पावसाच्या त्या चौथ्या दिवशी बाबा गॅलरीतून भराभरा चालले होते. इटालियन दालनं त्यांनी मिरवणूक बघावी तशी पाहिली. मग आम्ही रेम्ब्रँटच्या चित्रांपाशी आलो आणि बाबा बाकावर बसले. आम्हाला वाटलं, पाय दुखत असतील. दहा मिनिटांनी म्हणाले, "ह्याने एकच दिवा लावलाय. पण बरोबर जागी लावलाय."

एवढं नेमकं वाक्य आम्हाला नंतर वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

रेम्ब्रँट हा लायडन गावच्या माल्टची गिरणी चालवणाऱ्याचा मुलगा. जन्म १६०६, मृत्यू १६६९. आयुष्यात हॉलंडबाहेर कधी पडला नाही. त्याने स्वतःचीच चाळीसच्या आसपास तैलचित्रं काढली, शिवाय तांब्याच्या पत्र्यावरची एचिंगं वेगळी. त्यांतली दोन नॅशनल गॅलरीत आहेत. एक १६४० सालचं, तो चौतीस वर्षांचा असतानाचं. दुसरं १६६९ सालचं, म्हणजे शेवटच्या वर्षातलं.

चौतिशीतला रेम्ब्रँट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कठड्यावर हात टेकवून, मखमल आणि फर घालून, जरा वळून आपल्याकडे बघतो आहे. कपडे त्याच्या काळातले नाहीत, शंभर वर्षांपूर्वीच्या थाटाचे आहेत. ही पोझही त्याने थोरामोठ्यांकडून उचललेली. राफाएलने काढलेलं कास्तिल्योने नावाच्या सरदाराचं चित्र १६३९ साली ॲम्स्टरडॅमला लिलावात आलं होतं. रेम्ब्रँटने तिथे त्याचं झटपट रेखाटन केलं आणि बाजूला किंमतही टिपून ठेवली: ३५०० गिल्डर. तिशियनचं एक व्यक्तिचित्रही त्याच्या पाहण्यात होतं. त्या दोघांच्या रांगेत स्वतःला बसवायचं म्हणून हा सगळा थाट. त्याच १६३९ साली त्याने ॲम्स्टरडॅममध्ये एक मोठं घर घेतलं, १३,००० गिल्डरला, हप्त्यांवर. आपल्यातल्या ज्यांनी चौतिशीत, पगार वाढतच जाणार आहे अशा हिशोबाने मोर्टगेज काढलं, त्यांना या चेहऱ्यावरचा भाव समजावून सांगायची गरज नाही.

ते हप्ते त्याच्याने फिटले नाहीत. बायको सास्किया १६४२ साली गेली. चार मुलांपैकी तीन तान्हेपणीच गेली होती, टायटस तेवढा वाचला. १६५६ साली दिवाळं निघालं, घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली, लिलाव झाले. १६५८ मध्ये घर विकलं गेलं. पुढे १६६० साली टायटस आणि दुसरी जोडीदारीण हेन्ड्रिक्ये यांनी मिळून एक कंपनी काढली आणि रेम्ब्रँट तिचा नोकर झाला, म्हणजे सावकारांना त्याच्या चित्रांना हात लावता येऊ नये. ही युक्ती ऐकून बाबा खूष झाले. "म्हणजे सगळं बायको-मुलाच्या नावावर! मग आपल्याकडचे लोक काय वेगळं करतात?"

मग हेन्ड्रिक्ये १६६३ साली गेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा टायटस १६६८ साली गेला. आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा हा दुसरा चेहरा. हात पोटाशी एकमेकांत धरलेले, अंगात तपकिरी रंगाचा जाड कोट, डोक्याला टोपी. एक्स-रे काढला तेव्हा दिसलं की आधी त्याने हातात कुंचला दाखवला होता. मग तो काढून टाकला आणि नुसते हात ठेवले. चित्र जवळजवळ सगळं काळोखात आहे. उजेड पडलाय तो कपाळावर, नाकावर आणि गालांच्या सुरकुत्यांवर. दयेची याचना नाही, तक्रारही नाही. दुपारी जेवून उठलेला म्हातारा माणूस आपल्याकडे बघतो तसं बघणं. आमच्या मुलाने "व्हाय इज इट सो डार्क?" हा रास्त प्रश्न विचारला आणि तो बेलशझ्झारच्या मेजवानीकडे पळाला. त्या चित्रात भिंतीवर आपोआप अक्षरं उमटतात आणि राजाची गाळण उडते. अकरा वर्षांच्या मुलाला आवडावं असंच ते चित्र आहे. त्या हिब्रू अक्षरांतलं एक अक्षर चुकलंय हे कळल्यावर तर तो घरी येईपर्यंत तेच सांगत होता.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आमच्यातल्या इंजिनियरला द्यावंसं वाटलं, कारण हा चक्क गणिताचा प्रश्न आहे. उन्हात चकाकणारं पितळेचं भांडं आणि खाटेखालचा काळोख यांच्या उजेडात हजारो पटींचा फरक असतो. चित्रकाराकडे काय असतं? सगळ्यात पांढरा रंग आणि सगळ्यात काळा रंग. त्यांच्यातला फरक फार तर वीस-तीस पट. पांढऱ्यापेक्षा पांढरं काही डबीत मिळत नाही. म्हणजे चित्रात उजेड वाढवता येतच नाही. वाढवायचा असेल तर बाकी सगळं उतरवावं लागतं. रेम्ब्रँटने तेच केलं, इतरांपेक्षा जास्त निर्दयपणे केलं. सोन्याची साखळी, भरजरी बाही, मागचा खांब हे सगळं त्याला उत्तम काढता येत होतं. त्याने ते अर्धवट अंधारात सोडलं, आणि वाचवलेला सगळा उजेड एका कपाळावर खर्च केला. ही काटकसर आहे. दिवे बंद करत हिंडणाऱ्या माणसाला ती पटकन कळली यात नवल नाही.

दुसरी युक्ती जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. काळोखाचा भाग त्याने पातळ, पारदर्शक रंगात काढलाय, इतका की काही ठिकाणी खालचा तपकिरी थर तसाच दिसतो. उजेडाचा भाग मात्र जाड, लिंपल्यासारखा. तो पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. शिशाची भेंडोळी व्हिनेगारच्या वाफेवर ठेवून, भोवती घोड्याची लीद रचून तो बनवत असत. जाड रंगाचे उंचवटे दालनातला खरा उजेड पकडतात. म्हणजे चित्रातल्या उजेडाला खोलीतला उजेड येऊन मिळतो. पुस्तकातल्या छापील चित्रात हे कधीच येत नाही, म्हणून पुस्तकात रेम्ब्रँट नुसता काळपट वाटतो. हा जाड रंग ओघळत कसा नाही याचा शोध अजून चालू आहे. २०१९ साली संशोधकांना त्याच्या तीन चित्रांतल्या जाड थरांत प्लंबोनॅक्राइट नावाचं दुर्मिळ शिसेसंयुग सापडलं. जवसाच्या तेलात शिशाचं ऑक्साइड घालून त्याने ते तेल मुद्दाम तसं बनवलं असावं असा त्यांचा निष्कर्ष. स्वयंपाकघरात पाकाची तार बघावी तसा हा प्रकार!

आणि रंग? रंग म्हणाल तर फार थोडे. गेरू, पिवळी माती, तपकिरी माती, हाडांची काजळी, सफेदा. क्वचित हिंगुळाचा लाल. निळा जवळजवळ नाहीच. कोबाल्टच्या काचेची पूड करून बनवलेला स्माल्ट नावाचा निळा तो वापरायचा, पण बऱ्याचदा रंगाला दाटपणा आणि पारदर्शकपणा यावा म्हणून. आणि तो काळाबरोबर करडा पडतो. आपल्याकडे अंगणात सडा घालून गेरूने सारवतात, त्यापेक्षा त्याच्या पेटीत फार वेगळं काही नव्हतं. भावना दाखवायला भडक रंग लागतात ही आमची समजूत (हिंदी सिनेमाच्या पोस्टरांवर वाढलेली पिढी आमची) इथे पार मोडली. एकदा ऑफिसच्या कामासाठी ॲम्स्टरडॅमला जाणं झालं तेव्हा तासभर वेळ काढून 'ज्यू वधू' हे चित्र पाहिलं. पुरुषाच्या बाहीवर पिवळ्या रंगाचा इतका जाड थर आहे की बोट लावलं तर खरवडेल, आणि तिच्या अंगावर मोठा शांत लाल. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. त्याचा हात तिच्या छातीवर, आणि त्यावर तिची बोटं अलगद टेकलेली. व्हॅन गॉगला या चित्रासमोरून उठवेना, असं सांगतात. आम्हाला विमान पकडायचं होतं म्हणून उठलो.

नॅशनल गॅलरीतलंच एक छोटं चित्र आमच्यातल्या दुसऱ्याचं सगळ्यात आवडतं. ओढ्यात उतरून स्वतःशीच हसत, पाण्यात पाय जपून टाकणारी बाई, १६५४ सालची. ती बहुधा हेन्ड्रिक्ये. अंगातला पांढरा झगा तिने गुडघ्यावर धरलाय, आणि तो झगा म्हणजे चार-सहा रुंद फटकारे आहेत, सारवल्यासारखे. त्याच वर्षी ती रेम्ब्रँटपासून गरोदर होती आणि लग्नावाचून त्याच्याबरोबर राहते म्हणून चर्चच्या पंचांनी तिला बोलावून दोषी ठरवलं होतं. चित्रात त्यातलं काहीही नाही. फक्त पाणी किती खोल आहे याचा ती अंदाज घेते आहे. पण हेही सांगायला हवं की हेन्ड्रिक्येच्या आधी त्याच्या घरात गेर्टये नावाची बाई होती, आणि तिने लग्नाच्या वचनाबद्दल दावा लावल्यावर पुढे तिला सुधारगृहात डांबण्यात त्याचा पुढाकार होता. इतका हळुवार हात असलेला माणूस असं करू शकतो. आमच्या घरात यावर दोन जेवणं वाद झाला आणि निकाल लागला नाही.

त्यानंतर बाबाच म्हणू लागले, "तो तुमचा डच कुठे आणखी बघायला मिळतो का?" म्हणून एका रविवारी डब्यात दशम्या घेऊन हॅम्पस्टेड हीथच्या टोकाला केनवुड हाउसला गेलो. तिथे साधारण १६६५ सालचं मोठं आत्मचित्र आहे, मागच्या भिंतीवर दोन अर्धवट वर्तुळं असलेलं. ती वर्तुळं कसली यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्ही करत नाही. आम्ही पाहिले ते हात. हात नाहीतच! रंगाची पाटी आणि कुंचले धरलेल्या जागी नुसत्या रेघांचा गुंता आहे. चेहरा मात्र सुरकुतीसकट पुरा, आणि डोक्यावरची पांढरी टोपी दोन-चार फटकाऱ्यांत. बाबांनी सन लगेच लावून टाकला. "पासष्ट? म्हणजे पुरंदरचा तह. इकडे महाराज तेवीस किल्ले देताहेत आणि तिकडे हा गृहस्थ टोपी रंगवतोय."

बाबा त्या चित्रासमोर फार वेळ उभे होते. मान डावीकडे न्यायची, उजवीकडे न्यायची, मग एक पाऊल पुढे. इतके पुढे गेले की तिथल्या बाईंनी नम्रपणे मागे व्हायला सांगितलं. आम्ही कौतुकाने एकमेकांकडे बघितलं. बाबा काय रंगून गेलेत! बाहेर पडताना पायरीवर त्यांचा पाय चुकला, मुलाने हात धरला. "नवीन बूट," बाबा म्हणाले.

ब्रिटिश म्युझियममध्ये चित्रं आणि छापचित्रं अभ्यासायची एक खोली आहे, आधी वेळ ठरवून कुणालाही जाता येतं, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मागितलेला कागद तिथे आणून आपल्यासमोर ठेवतात. मध्ये ना दोरी, ना गर्दी. आम्ही गेलो होतो ते मोगल चित्रांसाठी. होय, रेम्ब्रँटने मोगल चित्रांच्या नकला केल्या आहेत! डच कंपनीच्या जहाजांतून आलेली लघुचित्रं त्याच्या हाती लागली आणि १६५६ ते १६६१ च्या दरम्यान त्याने ती पौर्वात्य कागदावर उतरवून घेतली. वीसाहून जास्त आज शिल्लक आहेत. २०१८ साली अमेरिकेत गेटी म्युझियमने त्यांचंच प्रदर्शन भरवलं होतं. आमच्यासमोर झाडाखाली बसलेले चार मौलवी आले आणि दरबारातला जहांगीर आला. मूळ चित्रातले झगझगीत रंग त्याने घेतलेले नाहीत. मौलवींच्या बसण्यातला निवांतपणा, पेल्यांभोवती जमलेली माणसं, तेवढंच घेतलंय. दिवाळं निघालेल्या त्या वर्षांत हा माणूस हिंदुस्थानातल्या माणसांची बसायची तऱ्हा शिकत होता, या विचाराने आम्हाला उगीचच बरं वाटलं.

वेळ उरला होता म्हणून आणखी एक एचिंग मागवलं: आंधळा टोबिट, १६५१ सालचं. आकाराने पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा ॲसिडात बुडवायचा. रेघ तेवढी खाल्ली जाते, तिच्यात शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. इथे रंग नाहीत. नुसती रेघ आणि कोरा कागद, तोच उजेड.

गोष्ट अशी. टोबिट नावाच्या भल्या माणसाची दृष्टी जाते. घरात पैसा राहत नाही, बायको सूत कातून घर चालवते. लांबच्या देशात ठेव म्हणून ठेवलेले पैसे आणायला तो एकुलत्या एका मुलाला पाठवतो. मुलगा बरेच दिवस येत नाही. आणि एक दिवस तो आल्याची चाहूल लागते. पुढे त्या मुलाने आणलेल्या माशाच्या पित्ताने बापाचे डोळे बरे होतात, आणि तो प्रसंग पुष्कळांनी रंगवलाय, खुद्द रेम्ब्रँटनेही. पण या छापात त्याने अलीकडचा क्षण धरला आहे. चुलीपाशी खुर्चीत बसलेला म्हातारा तटकन उठलाय. पायात सपाता, एका हातात काठी, दुसरा हात पुढे. घाईत चरखा कलंडला आहे, मुलाबरोबर गेलेलं कुत्रं पुढे धावत येऊन पायात घोटाळतंय.

मुलाने विचारलं, "व्हेअर इज ही गोइंग?"

आम्ही म्हटलं, "दार उघडायला."

बाबांनी कागदासमोर मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. मग हळूच म्हणाले, "दाराकडे नाही चाललेला. हात बघ त्याचा. भिंतीवर चाललाय तो."

आम्ही बघितलं. खरंच. दार बाजूला आहे आणि म्हाताऱ्याचा हात त्याच्या शेजारच्या भिंतीकडे, स्वतःच्याच सावलीवर पडणार आहे. हे आम्हाला दिसलं नव्हतं.

"मुलगा आलाय म्हणून घाईने उठला ना," बाबा म्हणाले. "घाई केली की चुकतं. मी पण असाच जातो."

त्या खोलीत मोठ्याने बोलत नाहीत, त्यामुळे कुणीच काही बोललं नाही. पण एकेक आठवायला लागलं. कोपरावरचं काळंनिळं, जे "बाथरूमचं दार जरा अरुंद आहे" म्हणून झालं होतं. उजव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप, जो दोनदा सांडला. रस्ता ओलांडताना मुलाचा हात धरायची सवय, जिला आम्ही आजोबांची माया समजत होतो. केनवुडमध्ये मानेचं ते डावीकडे-उजवीकडे. बाबा रंगून गेले नव्हते, चित्राचा एकेक तुकडा गोळा करत होते.

घरी आल्यावर त्यांनी बॅगेतून थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली. काचबिंदू. सातारच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. "तुम्हाला कळवलं असतं तर घाबरून तिकिटं काढून आला असता. खर्च किती!" आणि रोज घालायचे थेंब ते दिवसाआड घालत होते, म्हणजे एक बाटली दोन महिने पुरते. इथेसुद्धा काटकसर. आम्हाला राग आला, आणि तो आमचा आमच्यावर होता की त्यांच्यावर हे अजून नीट ठरलेलं नाही.

हाय स्ट्रीटवरच्या चष्म्याच्या दुकानात पैसे भरून नजरेची तपासणी केली. डबीसारख्या यंत्रात डोकं घालून, ठिपका चमकला की बटण दाबायचं. दोन्ही डोळ्यांचे नकाशे छापून हातात आले. मधे पांढरट, आणि कडेने, विशेषतः उजवीकडे, काळे काळे चौकोन. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची असते. बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हे कुणी काढलं? त्याचंच दिसतंय." दुकानातल्या मुलीला विनोद कळला नाही. आम्हाला कळला, पण हसता आलं नाही. (जाता जाता कामाची गोष्ट: आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल आणि वय चाळिशीपुढे असेल, तर इंग्लंडमध्ये एन.एच.एस.ची डोळेतपासणी फुकट होते. आमच्यातल्या एकाची त्याच आठवड्यात झाली. सध्या ठीक आहे.)

जायच्या आधीच्या शनिवारी बाबांना कुठे जायचं विचारलं. ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणाले नाहीत. पुन्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या चेहऱ्यासमोर बसलो. मुलगा आजोबांना विचारत होता की अंधारात दिसत नाही ते वाईट वाटतं का. बाबा म्हणाले, "अंधार दिसतच नाही रे. तिथे काही आहे हेच कळत नाही. हा बघ, ह्याच्या मागे भिंत आहे की नाही कुणाला माहीत? आपण विचारतो का? तोंड दिसलं की झालं." मग बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "ह्याचा मुलगा आदल्याच वर्षी गेला नाही का? ते नाकापाशी दिसतं बघ." नाकापाशी आम्हाला जाड सफेदा दिसला, पिवळ्या मातीचा हात दिसला आणि लालसर सावली दिसली. त्यापलीकडचं काही दिसलं असेल तर ते बाबांनाच.

ते इथे कायमचे राहायला तयार नाहीत. व्हिसाचे प्रश्न वेगळेच, पण त्यांनाच नको आहे. सातारच्या घरात कुठली पायरी कुठे आहे हे पायाला माहीत आहे, म्हणतात. दिवाळीत आम्ही जाऊन आलो. जिन्यात, मोरीत, अंगणाच्या दारापाशी झगझगीत एल.ई.डी. बसवले, पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या पट्ट्या मारल्या, थेंबांच्या वेळांचा तक्ता भिंतीवर लावला. शेजारच्या काकूंना किल्ली दिली. परत निघालो त्या संध्याकाळी रिक्षातून वळून पाहिलं, तर सगळं घर अंधारात आणि माजघरातला एक दिवा चालू होता.

आता दर रविवारी फोन होतो. थेंब घातले का, हा पहिला प्रश्न. जिन्यातला दिवा चालू आहे का, हा दुसरा.

"आहे बाबा आहे," परवा म्हणाले. "बिल आलं की तुलाच पाठवतो."